लांब जबड्याची आणि आखूड जबड्याची मुंगी एकाच जीनसमध्ये कशी काय?

पाचोळाप्रेमी:
नमस्कार मंडळी, कुजका पालापाचोळा चाळून त्यातले बारीक किडे मायक्रोस्कोपखाली बघायचा नाद लागलाय मला सध्या. परवा दोन मुंग्या मिळाल्या, दोन्ही जेमतेम 2 मिमी, नुसत्या डोळ्याला मातीचा कणच वाटतो. एकीचे जबडे लांब, काडीसारखे, टोकाला आकड्यासारखे वळलेले दात. दुसरीचे आखूड, त्रिकोणी, करवतीसारखे दात. बाकी डोकं दोघींचं सारखंच, मागे रुंद आणि पुढे निमुळतं, बदामाच्या पत्त्यासारखं. एका जुन्या ‘की’मध्ये, म्हणजे खुणांवरून नाव शोधायच्या तक्त्यात, बघितलं तर लांबवाली स्ट्रुमिजेनिस आणि आखूडवाली पिरॅमिका असं आलं, नवीन यादीत मात्र पिरॅमिका नावच गायब, दोन्ही स्ट्रुमिजेनिस! इतका फरक असून एकच जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा एकच गट, कसा? आणि एवढ्याशा जीवाला एवढे जबडे हवेत कशाला?

भिंगवाला:
लांब जबडे असले तर ओडोंटोमॅकस असेल, तेच ते सापळ्यासारखे जबडे खटकन मिटतात ते. नीट बघ परत.

वारूळकर:
@भिंगवाला नाही हो, ओडोंटोमॅकस सेंटीमीटरच्या आसपास असते, ती दिसायला मायक्रोस्कोप लागत नाही. शिवाय तिच्या कमरेला एकच गाठ, पोनेरिनी उपकुळातली ती. स्ट्रुमिजेनिस मिर्मिसिनी उपकुळातली, कमरेला दोन गाठी. आणि सगळ्यात भारी खूण म्हणजे त्या गाठींच्या खाली आणि बाजूला स्पंजसारखा पांढुरका जाळीदार भाग असतो, तो एकदा बघितला की परत चूक होत नाही. सापळा दोघींकडे आहे हे खरं, पण दोघींनी तो आपापला वेगळा बनवलाय, नात्यातून आलेला नाही.

@पाचोळाप्रेमी आधी जबडे कशाला ते सांगतो. यांचं मुख्य खाणं म्हणजे स्प्रिंगटेल, पाचोळ्यातले ते उड्या मारणारे बारीक जीव. स्प्रिंगटेलच्या पोटाखाली दुमडलेली काटेरी शेपटी असते, जरा धक्का लागला की ती सुटते आणि प्राणी उडून गायब. म्हणजे पकडायचं तर त्याला कळायच्या आत पकडायला हवं, आणि नुसत्या स्नायूच्या ताकदीने जबडा तेवढ्या वेगात मिटत नाही. म्हणून लांब जबड्यावाल्या जबडे सताड उघडून ठेवतात, वरचा ओठ खिट्टीसारखा आत अडकतो, मग स्नायू सावकाश ताणून जोर साठवायचा, गुलेल ओढून धरल्यासारखा. त्या ओठावरच लांब केस असतात, त्यांना भक्ष्य टेकलं की ओठ मागे सरकतो, खिट्टी सुटते आणि जबडे मिलिसेकंदाच्याही आत बंद. मग उचलून धरायचं आणि मागून नांगी मारायची, काम तमाम.

आखूडवालीचं तंत्र वेगळं. ती दबकत दबकत अगदी जवळ जाते, पकडते आणि दाबून धरते, सोडतच नाही. काही जाती तर अंगाला माती फासून घेतात.

कीटकवेडी:
नावाचा गोंधळ मी सांगते, यावर माझं डोकं भरपूर उठलंय 😅 स्ट्रुमिजेनिस हे नाव फ्रेडरिक स्मिथने 1860 मध्ये दिलं, पिरॅमिका रॉजरने 1862 मध्ये. मधल्या काळात स्मिथिस्ट्रुमा, क्वाड्रिस्ट्रुमा असे बरेच जीनस निघाले, जबड्याची ठेवण वेगळी किंवा मिशांचे सांधे कमी दिसले की काढा नवा जीनस. मग 1999 मध्ये मुंग्यांचा अभ्यासक बोल्टन याने हा पसारा आवरला आणि मोठ्या दोनच पेट्या ठेवल्या, खटक्याने मिटणारे जबडे ते स्ट्रुमिजेनिस आणि दाबून धरणारे ते पिरॅमिका. तुझी की त्या काळातली दिसतेय. पुढे 2007 मध्ये बारोनी उर्बानी आणि डी आंद्रादे यांनी दोन्ही एकत्र केले, जुनं नाव स्ट्रुमिजेनिस म्हणून तेच राहिलं.

तेव्हा मला ते पटलं नव्हतं खरं सांगायचं तर, कारण दोन पेट्या सोयीच्या होत्या, लेबल लावायला सोपं. पण 2021 मध्ये डीएनएवरून वंशवृक्ष काढून जबड्यांशी ताडून बघितलं तेव्हा कळलं की या एका जीनसमध्येच खटक्याचा जबडा 7 ते 10 वेळा स्वतंत्रपणे तयार झालाय! म्हणजे लांब जबड्याची एखादी मुंगी दुसऱ्या लांब जबड्यावालीपेक्षा आखूडवालीच्या जवळची असू शकते. मग जबडा बघून जीनस पाडणं म्हणजे चष्मा लावणाऱ्या सगळ्यांचं आडनाव एक करण्यासारखं झालं. आणि खटका आधी येतो, जबडे लांब नंतर होतात, म्हणून आखूड जबड्यातही खटका असलेल्या जाती आहेत, तिथे तर जुनी विभागणी पारच फसते.

भिंगवाला:
बरं बाबा, हरलो. एकूण जाती किती मग?

कीटकवेडी:
800 च्या वर. मुंग्यांमध्ये कॅम्पोनोटस आणि फाइडोल यांच्यानंतर हाच नंबर. आणि तरी लोकांना दिसत नाहीत, कारण वसाहत लहान, चाल संथ, आणि डिवचलं की काही जणी अंग आखडून पडून राहतात. पाचोळा चाळल्याशिवाय हाती लागणं कठीण.

पाचोळाप्रेमी:
आत्ता परत लावून बघितलं, स्पंज दोघींना आहे!! लांबवालीला जरा जास्त. आखूडवालीच्या ओठावर केस दिसतायत का ते मात्र कळत नाहीये, तोंड मिटलेलं आहे आणि उघडायला गेलो तर मिशी तुटली.

वारूळकर:
सुकलेला नमुना उघडायच्या फंदात पडू नको, आधी ओलसर डबीत ठेवून मऊ होऊ दे, मग बारीक सुईने. लेबलवर सध्या स्ट्रुमिजेनिस एवढंच लिही, जाती पुढे बघू. आणि तुटलेली मिशी टाकू नकोस, नमुन्याच्याच कार्डावर चिकटव, सांधे मोजायला लागतील.