मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर विक्रमाचा हट्ट कशाला?

लालमाती

ऑगस्ट 2026 मध्ये बर्मिंगहॅमला युरोपियन अजिंक्यपद, सप्टेंबरमध्ये नागोयाला आशियाई स्पर्धा. अशा वर्षात पोल व्हॉल्टवाल्यांची, म्हणजे बांबूउडीवाल्यांची, एक गोष्ट मला फार खटकते. स्पर्धा जिंकून झालेली असते, बाकी सगळे बाद झालेले असतात, आणि तरी हा गडी दांडी थेट विश्वविक्रमाच्या उंचीवर ठेवायला सांगतो. महिन्याभरावर मुख्य स्पर्धा आलेली असताना!

फ्रान्सच्या रेनो लाविलेनीचं काय झालं आठवा. 15 फेब्रुवारी 2014, दोनेत्स्क. 6.16 मीटर मारून त्याने युक्रेनच्या सर्गेई बुबकाचा 21 वर्षं टिकलेला विक्रम मोडला. तिथेच बॅग भरायची ना? त्याने दांडी 6.21 वर नेली, उडी फसली, पायाला जखम झाली आणि मार्चमधली सोपोटची जागतिक इनडोअर स्पर्धा हुकली. तिथे ग्रीसच्या फिलिपिदिसने 5.80 वर सोनं नेलं. 6.16 मारणारा माणूस घरी बसून हे बघत होता. मला तर अजून हळहळ वाटते.

आणि खुद्द बुबका. 13 जून 1992 ला दिजाँमध्ये 6.11 चा विक्रम, ऑगस्टमध्ये बार्सिलोना ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत एकही उंची पार नाही. विक्रम पुढच्या वर्षीही होतात हो, ऑलिंपिक चार वर्षांनी येतं.

खिळ्यांचे_बूट

लाविलेनीचं मान्य. पण बुबकाचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. बार्सिलोनानंतर साधारण तीन आठवड्यांत, 30 ऑगस्टला पादोव्हात तो 6.12 उडाला. 19 सप्टेंबरला टोकियोत 6.13. दिजाँने त्याचे पाय संपवले असते तर हे जमलं असतं का? त्या एका दिवशी त्याचं गणित चुकलं, एवढंच. 5.70 वर दोनदा चुकला, तीनपैकी उरलेली एक उडी 5.75 साठी राखली, तीही गेली. याचा विक्रमांशी काय संबंध?

उलट 2025 बघा. स्वीडनचा डुप्लांटिस 15 जूनला स्टॉकहोममध्ये 6.28, 12 ऑगस्टला बुडापेस्टमध्ये 6.29 आणि 15 सप्टेंबरला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत 6.30. तीन महिन्यांत तीन विक्रम, शेवटचा बरोबर हवा तिथे. दांडी सतत उंच ठेवणाऱ्यालाच त्या उंचीची भीती उरत नाही.

लालमाती

डुप्लांटिसवरून नियम काढू नका. तसा खेळाडू पिढीत एखादा. बाकीच्यांनी त्याची नक्कल केली तर हाडं मोडतील.

खिळ्यांचे_बूट

मग त्याचंच हरणं घ्या. जुलै 2023 मध्ये मोनाकोला तो 5.72 वर अडकला, चौथा आला. महिन्याभरात बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत 6.10 मारून सुवर्ण. मोठ्या स्पर्धेआधी काय झालं यावरून तुम्ही किंवा मी काहीच सांगू शकत नाही. रशियाची इसिनबायेवा तर 2009 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत एकही उंची पार करू शकली नाही आणि अकरा दिवसांनी झुरिचमध्ये तिने 5.06 चा विश्वविक्रम केला.

कऱ्हाडची_ताई

मी स्वतः बांबूउडी मारली आहे आणि पुढे बरीच वर्षं शाळेत खेळ शिकवला, म्हणून लिहिते. दादा, तुम्ही दोघंही उंचीबद्दल बोलताय. उडी मारणाऱ्याच्या डोक्यात उंची शेवटी येते. आधी येते धाव आणि काठी.

सरावात बहुतेक जण अर्ध्या धावेने उडतात, मऊ काठी घेऊन. पूर्ण धाव आणि सगळ्यात कडक काठी एकत्र आणायची तर अंगात स्पर्धेची आग हवी. कडक काठी वाकवायला वेग हवा. या बड्या खेळाडूंचा वेग धावपट्टीच्या टोकाच्या खोक्यात काठी टेकण्याच्या क्षणी ताशी 36 किलोमीटरच्या आसपास जातो. तो वेग कमी पडला की काठी वाकत नाही आणि माणसाला मागे, धावपट्टीवर फेकते. गादी पुढे, माणूस मागे. मी हे समोर घडताना पाहिलं आहे. आमचा नववीतला मुलगा खोक्यात काठी टेकवायला क्षणभर उशीर झाला म्हणून उलटा पडला. काठी खोक्याच्या पत्र्यावर आपटल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. नीट टेकली तर ठक असा एकच भरीव आवाज येतो, चुकली तर खरखर. ती खरखर ऐकूनच मी पळत सुटले होते. मनगटावर निभावलं.

म्हणून कडक काठीवरची पूर्ण धावेची उडी मोठ्या स्पर्धेआधी मारावीच लागते, ती टाळून मुख्य स्पर्धेत पहिल्यांदा हातात घेणं जास्त धोक्याचं. पण ती दमलेल्या पायांनी मारू नये, आणि विक्रमाची उडी नेहमी संध्याकाळच्या शेवटी येते. माझ्या मते तीनऐवजी एकच मारावी.

हिशोबी

ताई, हे लोक एकीवर का थांबत नाहीत, याचं उत्तर पैशात आहे. टोकियोत सुवर्णाला 70,000 डॉलर होते, विश्वविक्रमाला एक लाख. एक सेंटीमीटर सुवर्णापेक्षा महाग! बुबकाने मैदानी आणि इनडोअर मिळून 35 विक्रम केले ते बहुतेक एकेक सेंटीमीटरनेच. या लोकांच्या पायात चांगली वर्षं दहा-बारा. आयोजक बोलावतो, प्रेक्षक विक्रम बघायला तिकीट काढतात, आणि खेळाडूने 'मला पुढच्या महिन्यात सोनं हवंय' म्हणून बूट काढायचे? त्याचं घर त्यावर चालतं. मला यात काहीच चूक दिसत नाही.

गादीवरून

सगळं वाचलं. आपल्याकडचंही बघा. देव मीणाने फेब्रुवारी 2025 मध्ये डेहराडूनच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 5.32 मारून 5.31 चा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेचा थेट पात्रता निकष होता 5.82. अर्धा मीटर! आपल्या पोरांना प्रत्येक स्पर्धेत विक्रमाच्या मागे लागावंच लागतं, नाहीतर कोणी ओळखतही नाही.

आणि जानेवारी 2026 मध्ये हाच देव मीणा आणि कुलदीप यादव, दोघांना काठ्या सोबत आहेत म्हणून पनवेल स्थानकात गाडीतून उतरवलं. कित्येक तास फलाटावर. पाच मीटरची काठी कुठे ठेवणार, बाकाखाली मावत नाही, दुमडत नाही. आपल्या खेळाडूची ताकद उडीच्या आधी इथे खर्च होते. फार वाईट वाटलं वाचून.

लालमाती

पनवेलचं मीही वाचलं होतं, संताप आला होता. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

ताई, कडक काठीचा मुद्दा पटला. स्पर्धा टाळा असं मी म्हणणार नाही. जिंकल्यानंतरच्या तीन उड्यांना माझा विरोध अजून आहे, शेवटच्या तीन आठवड्यांत तर नक्कीच.

कऱ्हाडची_ताई

पण दादा, डुप्लांटिसचं पॅरिस ऑलिंपिकमधलं 6.25 आणि टोकियोचं 6.30 दोन्ही तिसऱ्या उडीत आलं. दोनदा दांडी पाडून तिसऱ्यांदा तीच धाव, तोच वेग. हे धैर्य सरावात कुठून येणार?

लालमाती

दोन्ही वेळा सोनं आधीच त्याच्या नावावर होतं ताई. तिसरी उडी फसली असती तरी काही जाणार नव्हतं. बार्सिलोनात बुबकाच्या तिसऱ्या उडीमागे शून्य होतं. तशा तिसऱ्या उडीची सवय विक्रमाच्या मागे लागून लागते का, हे मला कोणीतरी सांगा.