मोठ्या बॅटरीआधी घरातला भार मोजावा

कोल्हापुरात पुराच्या काळात वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरला केवढी बॅटरी हवी, या चर्चेत 'दीडशेऐवजी दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी घ्या, म्हणजे पुराच्या दिवसांतही काळजी नाही' असा सल्ला आला आहे, त्यात थोडी भर घालतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास वीज असते. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य धरले, तर हाती हजार-बाराशेच उरतात. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट ओढतो, तर बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. म्हणून आधी पंखे बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

तरीही कोल्हापुरात खरी अडचण दिव्यांची नसते, पाण्याची असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना नळ मात्र कोरडे राहिले. नेहमीच्या घरगुती इन्व्हर्टरवर बोअरची मोटर चालत नाही, त्यामुळे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, की गच्चीवरची टाकी, पिंपे, घागरी, अगदी रिकामा कुकरसुद्धा भरून ठेवावा.

बॅटरी जिन्याखाली जमिनीवर असेल तर ती वेळीच वरच्या मजल्यावर हलवून घ्यावी, पण बंद कपाटात ठेवू नये, कारण चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. मेन स्विच पाणी उंबऱ्याला लागण्याआधीच बंद करावा. भाड्याने आणलेला जनरेटर गॅलरीत नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.