दुपारची सूर्यवीज आणि हायड्रोजनचा रामबाण

थ्रीफेज: कालपासून एक पोस्ट फिरतेय, म्हणे दुपारी सोलरची वीज ओसंडून चाललीय, राजस्थानात प्लांट बंद ठेवायला लावतात, तर तिचा हायड्रोजन करून ठेवा आणि रात्री परत वीज करा, कोळसा संपला! अरे बाबांनो, एक किलो हायड्रोजनला ५०-५५ युनिट जातात, फ्युएल सेलमधून, म्हणजे हायड्रोजनची परत वीज करणाऱ्या यंत्रातून, परत येतात फार तर १७-१८. बॅटरी १०० घेऊन ८५च्या आसपास परत देते. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात पाणी वरच्या धरणात चढवून संध्याकाळी २५० मेगावॅट काढतोच की आपण. पण २०२३ला केंद्राचं ते १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन आलं आणि जो उठतो तो हायड्रोजन.

रिटायर्ड_ऑपरेटर: रात्री परत वीज करा असं शहाणा माणूस म्हणतच नाही, तुम्ही फॉरवर्डशी भांडताय. हायड्रोजन लागतो खताला. खताचा कच्चा माल अमोनिया, आणि त्यातला हायड्रोजन आज नैसर्गिक वायूपासून काढतात, किलोभर हायड्रोजनमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड. विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर दुपारी फुल चालवायचा, संध्याकाळी विजेची मागणी चढली की त्याचा लोड पाडायचा, ग्रिडला एवढंच हवंय. खतात आयुष्य गेलंय माझं, मला युनिट शिकवू नका.

थ्रीफेज: आयुष्य गेलंय ना, मग सांगा, अमोनिया प्लांट रोज संध्याकाळी बंद आणि सकाळी चालू असा कधी चालवलात? त्याला २४ तास हायड्रोजन लागतो. म्हणजे तो साठवायला टाक्या आल्या. आणि कोट्यवधींचा इलेक्ट्रोलायझर ५-६ तास चालून बाकी वेळ धूळ खाणार, वीज फुकट मिळाली तरी व्याज कोण भरणार?

जुन्नरकर: दुपारी वीज जास्त झालीय हे आम्हाला कुणी कळवलंच नाही 😂 आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या लाइनला, आठवड्याआड रात्रपाळी. उसाला दारं धरायला रात्री १ वाजता जायचं, एका हातात फावडं, एका हातात बॅटरी, खिशात मोबाईलवर मोठ्यानं भजन, का तर बिबट्याला कळावं माणूस आलाय. आधी ती वीज आमच्या मोटारींना द्या, मग करा हायड्रोजन.

इन्व्हर्टरवाला: शेतीची वीज फुकट आणि वर दिवसाच पाहिजे! भरतो कोण? आम्ही शहरवाले.

जुन्नरकर: माफी साडेसात एचपीपर्यंत आहे, माझी विहीर खोल, मोटर १०ची, मला बिल येतं. या एकदा दारं धरायला, गमबूट आम्ही देऊ.

इन्व्हर्टरवाला: बिबट्या दाखवून सबसिडी मागायची पद्धत जुनीच आहे.

जुन्नरकर: आमच्या वस्तीवरचं वासरू नेलं त्यानं. तोंड सांभाळून बोला.

रिटायर्ड_ऑपरेटर: इन्व्हर्टरवाले, जरा दमानं. जुन्नरकरांचं बरोबर आहे, मोटारी दिवसा आणणं सगळ्यात स्वस्त, शेतीला दिवसा सोलरची वीज द्यायची सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे ना. मोटारी, कारखाने, गाड्यांचं चार्जिंग दुपारी ओढा, त्यातूनही उरेल ते इलेक्ट्रोलायझरला.

थ्रीफेज: आणि राजस्थानात जे वाया जातंय त्याला मुळात लाइनच कमी पडतात, आधी तारा ओढा. बरं, खतापुरता तुमचा हायड्रोजन मान्य, तोही टाकीचा आणि व्याजाचा हिशेब दाखवाल तेव्हा. रात्री हायड्रोजनवर घरं उजळवणारे मात्र तुमच्याकडेच पाठवतो, तुम्हीच समजवा त्यांना.