प्रतिसाद: .३०० ब्लॅकआउट की .३०८?

न्यूझीलंडातल्या तुमच्या भावाला सायलेन्सर लावून रानडुक्कर मारायचंय, म्हणून .३०० ब्लॅकआउट आणि .३०८ या रायफलीच्या दोन काडतुसांपैकी वर सगळे .३०८ सुचवताहेत. अर्धंच बरोबर आहे. सायलेन्सर नळीच्या तोंडाचा बार दाबतो, पण ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेतला कडाका तसाच राहतो. .३०८ ची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण ८५० मीटरने जाते, आवाजाचा वेग २० अंशाला ३४३ मीटर.

.३०० ब्लॅकआउटची २२० ग्रेनची गोळी ३०८ मीटरच्या आसपास, म्हणून कडाका नाही. मात्र ऊर्जा सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, .३०८ च्या पाचव्या हिश्शाएवढीच. साधी शिकारी गोळी त्या वेगाला उमलत, म्हणजे लागल्यावर फुलून रुंद होत नाही, आरपार निघते नि जनावर जखमी होऊन पळतं. कमी वेगाला फुलणारीच घ्यावी. ५० मीटरला झीरो केली, म्हणजे नेम त्या अंतराला जुळवला, तर १०० मीटरला वीसेक सेंटीमीटर खाली लागते, तेव्हा अंतर अंदाजाने धरू नये.

.३०८ मध्येच सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणारं काडतूस वापरायचं असेल, तर आधी नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचं वळण, बघा. १:१२ च्या पिळात (१२ इंचांत एक फेरा) जड, लांब गोळी स्थिरावत नाही, डगमगत सायलेन्सरच्या पडद्यांना घासते आणि तो फाटतो. ब्लॅकआउटला १:७ किंवा १:८ असतो. आणि ब्लॅकआउटचं काडतूस ५.५६ मिमी काडतुसाच्या रायफलीत बसू शकतं, उडवलं तर रायफल फुटते! मॅगझिनं वेगळी खुणेची ठेवायला सांगा.

आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डुकरं भाताची नासाडी करतात खरी, पण इथं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे सगळं तिकडंपुरतंच.