दिवाळीचा किराणा: तेलाच्या पिशवीवरचं माप वाचा

दिवाळीचा किराणा मॉलच्या ऑफरमध्येच स्वस्त पडतो, असं तुम्ही म्हणताय. साखर-रव्याचं ठीक, पण तेलाचं माप वाचाच. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. काही पिशव्यांत ७५०-८०० ग्रॅमच असतं. गेल्या वर्षी माझं तेल चकल्या निम्म्या तळून होतात तोच संपलं, तेव्हा पिशवी उलटून पाहिली. फार चिडचिड झाली.

आता आम्ही शेजारच्या चौघी मिळून पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात जातो. चणाडाळीचा ३० किलोचा कट्टा घेऊन घरी वाटून घेतो. पातळ पोहे मात्र हातात घेऊनच बघा, चुरा फार असला तर चाळणीखाली पैसे जातात. आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा चावून बघायला लाजू नका. खवट निघालं तर अख्खा चिवडा वाया जातो.