मदत हवी आहे: तलावाच्या पाळीवर रॅम्प, किती लांब?

धानपट्टा:
मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, सकाळी सारं गाव फिरते, पण पायऱ्या न चढणारे खालीच राहतात. रॅम्प करायचा आहे. ठेकेदार म्हणते 15 फूट पुरते. पुरते का? अंदाजपत्रक शुक्रवारी द्यायचं आहे, लौकर सांगा.

कन्हारवाला:
पाळ किती उंच? माती कोणती? उंचीशिवाय लांबी कशी सांगायची भाऊ?

धानपट्टा:
6 फूट. खाली कन्हार, म्हणजे काळी चिकण माती.

कन्हारवाला:
मग 15 फुटांत चाकाची खुर्ची मागे उलटते. 1 फूट चढायला 12 फूट लांबी, म्हणजे 72 फूट. दर 30 फुटांनी 5 फूट सपाट जागा, तशा दोन. एकूण 82 फूट. वर-खाली 5-5 फूट सपाट वेगळं. रुंदी 5 फूट ठेवा. कडेला 4 इंचांचा कठडा हवाच, नाहीतर चाक घसरून खाली जाते.

बेशरम_हटाव:
आधी काठावरची बेशरमची झुडपं मुळासकट काढा, त्यांच्यानं पाणी दिसतच नाही.

सिंचनमित्र:
विषय रॅम्पचा आहे. धानपट्टा, पाळ अजिबात खोदू नका. पायथा कापला की पाळ घसरते, पाणी झिरपते. कोरड्या बाजूनं, पाळीला समांतर भर टाका. पायथ्याची पाझर-नाली (झिरपलेलं पाणी वाहून नेणारी) बुजवू नका. 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचा तलाव असेल तर जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे अभियंत्याला आधी दाखवा.

पेव्हरप्रेमी:
वर पेव्हर ब्लॉक टाका. स्वस्त, लौकर.

कन्हारवाला:
कन्हार पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ब्लॉक खाली-वर होतात आणि खुर्चीचं पुढचं लहान चाक सांध्यात अडकते. भरीखालची कन्हार दीड-दोन फूट काढून मुरूम भरा, पण पाळीच्या पायथ्यापासून दूर. वर 4 इंच काँक्रीट, त्यावर झाडूनं आडव्या रेघा. गुळगुळीत केलं तर शेवाळावर घसरण.

पेव्हरप्रेमी:
ताज्या भरीवर काँक्रीट तडकतेच! भर 8-8 इंचांच्या थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून घ्या, तरी एक पावसाळा बसू द्यावी लागते. पेव्हर उचलून पुन्हा बसवता येते.

धानपट्टा:
मार्चमध्ये निधी परत जाते. थांबायला वेळ नाही.

कन्हारवाला:
मग यंदा भर आणि पेव्हर, पावसाळ्यानंतर खचलेला भाग उचलून सरळ करा. हे मान्य. कोरा मुरूम मात्र ठेवू नका, चाक रुतते.

ग्रामसेवा:
ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधी असते, त्यात बसते का ते पाहा.

सिंचनमित्र:
येणारे खुर्चीवर की हातानं चालवायच्या तीनचाकीवर? तीनचाकी लांब असते, जागच्या जागी वळत नाही. रॅम्प सरळच ठेवा, वळणाचा नको.

धानपट्टा:
दोन्ही. आणि गुरं वर येऊ नये म्हणून चक्री फाटक बसवणार आहो.

सिंचनमित्र:
चक्रीतून खुर्ची जात नाही! 3 फूट रुंद, आपोआप बंद होणारं फाटक लावा, कडी 3 फुटांवर, दोन्ही बाजूंना 5 फूट सपाट. गुरांसाठी पाण्याची वाट दुसरीकडून द्या.

धानपट्टा:
रेलिंग एकाच बाजूनं चालते का? खर्च वाचते.

कन्हारवाला:
नाही. लकवा झालेल्याचा एकच हात चालते. चढताना धरलेली बाजू उतरताना उलटी होते. दोन्हीकडे लावा, 3 फुटांवर एक नळी, सव्वादोन फुटांवर दुसरी.