पिपमध्ये ताईला ४ पॉइंट, पुढे काय करावं?

पहाटवारा:
आम्ही इंग्लंडमध्ये असतो. मोठ्या बहिणीला संधिवात आहे, बोटं पार वाकडी झालीयत. तिचा पिपचा (आजार-अपंगत्वासाठी इथलं सरकार देतं तो भत्ता) अर्ज भरला होता, काल पत्र आलं, डेली लिव्हिंगला (रोजची कामं) ४ आणि चालण्याफिरण्याला ०, म्हणजे हातात काहीच नाही. कारण काय तर ती स्वतः स्वयंपाक करते. अहो करते, पण गरम भांडं उचलताना दोनदा हातातून निसटलंय, मनगटावर अजून भाजल्याचा डाग आहे, आणि फोनवर विचारलं तेव्हा ही म्हणाली "जमतं हो"!! आता नव्याने अर्ज करू की भांडू?

जुनीवही:
भांडा. पत्रावर जी तारीख छापलीय तिथून १ महिना आहे, तेवढ्यात मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन मागा, म्हणजे त्याच खात्याला निर्णय परत तपासायला लावा. असेसमेंट रिपोर्टची कॉपी मागवून घ्या आणि त्यातलं एकेक वाक्य धरून उत्तर लिहा. आजाराचं नाव परत परत लिहून काही होत नाही. नियमात नुसतं "जमतं" चालत नाही, ते काम सुरक्षितपणे, नीट, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळेत व्हायला हवं, आणि निम्म्याहून जास्त दिवस काय परिस्थिती असते ते बघतात. तो भाजल्याचा डाग म्हणजे "सुरक्षितपणे" होत नाही याचा पुरावाच, फोटो काढून जोडा.

सावली_७:
ताई, माझ्या नवऱ्याच्या वेळी रिकन्सिडरेशनचं उत्तर आलं, निर्णयात बदल नाही. एवढं खचलो की दोन महिने त्या कागदांना हात लावला नाही, मग उशिराचं कारण लिहून ट्रिब्युनलला (खात्यापासून स्वतंत्र न्यायमंडळ) अपील टाकलं (मुदत इथेही १ महिनाच). फी नाही. समोर जज, डॉक्टर आणि अपंगत्वाची माहिती असलेली एक बाई, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शर्टाची बटणं कशी लावता, करून दाखवा". इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. पॉइंट वाढले. मला मनापासून वाटतं की रिकन्सिडरेशनला नकार आला की केस आपोआप ट्रिब्युनलकडे जायला हवी, दुसऱ्यांदा फॉर्म भरायची ताकद आजारी माणसात कुठून येणार? आणि अर्जातच "करताना काय होतं" असं खात्याने सरळ विचारावं ना.

मधलाबाक:
एक लक्षात घ्या, अपिलात सगळे पॉइंट नव्याने मोजतात, आधी मिळालेले कमीही होऊ शकतात. ज्यांना थोडे पैसे चालू आहेत त्यांनी आधी सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये (फुकट सल्ला देणारी संस्था) विचारून घ्यावं. तुमच्या ताईंना ८ शिवाय काही मिळतच नाही, मग ४ वर गमावण्यासारखं काय आहे? फक्त निर्णय झाला त्या काळात तब्येत कशी असायची तेच लिहा, नंतर बिघडली असेल तर ते तिथे धरत नाहीत.

पहाटवारा:
सगळ्यांचे खूप आभार. रात्री ताईला घेऊन बसले, म्हटलं कालचा दिवस सकाळपासून सांग. ब्रशवर पेस्ट काढायला दोन्ही तळवे लागतात हे मला, एका घरात राहून, माहीत नव्हतं. दीड पान झालंय आणि अजून आंघोळीपर्यंतच आलोय.